माझ्या फोनवर नीट चालतं, तिच्या फोनवर नाही: गेममधली हालचाल फोनागणिक का बदलते

तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते. "कॅमेरा मागे राहतो." "उडी पुरत नाही." "पतंग एकदम वेड्यासारखा थरथरायला लागला." आणि दर वेळी मी माझा फोन उचलून बघतो तर सगळं व्यवस्थित.

आमच्या गेममध्ये एक पोरगा संक्रांतीच्या दिवशी कटलेल्या पतंगामागे गच्च्यांवरून उड्या मारत धावतो. सगळे आकडे मी माझ्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा होणाऱ्या फोनवर, डोळ्यांनी बघत बघत बसवले होते. मग गेम बहिणीच्या जुन्या फोनवर टाकला. तो फोन सेकंदाला जेमतेम ३० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढायचा. तिसऱ्या गच्चीच्या कठड्याशी तिचा पोरगा दर वेळी आपटून खाली पडायचा. सात-आठ वेळा पडल्यावर ती म्हणाली, "दादा, मला नाही जमत हे." तिचं काहीच चुकत नव्हतं. तिच्या फोनवर उडी खरोखरच बुटकी होती.

ते कळल्यापासून मी ही गोष्ट फार मनावर घेतली आहे. स्वस्त किंवा जुना फोन वापरणाऱ्याला चित्र थोडं कमी गुळगुळीत दिसलं तर एक वेळ चालेल, पण त्याच्या वाट्याला वेगळा आणि जास्त अवघड गेम यावा हे बरोबर नाही. गंमत म्हणजे याचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं: हालचालीचा आकडा सेकंदाच्या हिशेबात लिहायच्या ऐवजी फ्रेमच्या हिशेबात लिहिलेला असतो. फक्त तो आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रूपात लपलेला असतो, म्हणून शोधायला वेळ जातो.

आधी मोजा

कोडला हात लावण्याआधी गेम मुद्दाम ३०, ६० आणि १२० फ्रेमवर चालवा. गेम बनवायच्या इंजिनांपैकी युनिटीत टार्गेट फ्रेम रेट आणि गोडोमध्ये मॅक्स एफपीएस ही सेटिंग आहे, एका ओळीचं काम. युनिटीत संगणकावर करत असाल तर व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या ताज्या होण्याशी बांधणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर ती मर्यादा लागूच होत नाही. हेही लक्षात असू द्या की युनिटीत काहीच ठरवलं नसेल तर मोबाइलवर गेम ३० फ्रेमनेच चालतो, आणि तोच गेम संगणकावर युनिटीच्या संपादकात दोनशे-तीनशे फ्रेमने पळत असू शकतो. म्हणजे तुम्ही दिवसभर बघता ती हालचाल आणि खेळाडूला मिळते ती, दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

तिन्ही वेळा तीन आकडे लॉगमध्ये लिहा: उडीची सर्वांत जास्त उंची, थांबलेल्या लक्ष्याकडे जाताना कॅमेऱ्याला ९० टक्के अंतर कापायला लागलेला वेळ, आणि पोरगा सरळ धावत असताना कॅमेरा त्याच्या किती मागे असतो ते अंतर. हे डोळ्यांवर सोपवू नका. डोळा दोन मिनिटांत सवय करून घेतो. फोनवरच खात्री हवी असेल तर दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवा आणि तिसऱ्या फोनने २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. ६० हर्ट्झच्या पडद्यावरची एक फ्रेम व्हिडिओच्या चार फ्रेम टिकते, त्यामुळे सगळं मोजता येतं.

तिन्ही आकडे जुळले आणि तरी हालचाल अडखळत असेल तर मधलं सगळं सोडून थेट "फिजिक्सची टिक" या भागाकडे जा. जुळले नाहीत तर क्रमाने पुढे वाचा.

कॅमेरा: सगळ्यात जुनी चूक

ही ओळ प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलेली असते:

कॅमेरा = कॅमेरा + (लक्ष्य − कॅमेरा) × ०.१

प्रत्येक फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापायचा. सुरुवातीला झपाट्याने, जवळ आल्यावर हळू. दिसायला फार सुंदर. पण "प्रत्येक फ्रेमला" या दोन शब्दांत सगळी गडबड आहे. दर फ्रेमला उरतं ०.९ पट, म्हणजे ९० टक्के अंतर कापायला साधारण २२ फ्रेम लागतात. ३० फ्रेमच्या फोनवर त्या २२ फ्रेमना ०.७३ सेकंद लागतात, ६० वर ०.३६ आणि १२० वर ०.१८. एकाच कोडमधून एक कॅमेरा आळसावलेला, तर दुसरा चारपट चपळ.

धावत्या पोराच्या बाबतीत हे आणखी त्रास देतं. तो सेकंदाला ८ एकक (गेममधलं अंतराचं माप) धावतो. ६० फ्रेमवर कॅमेरा त्याच्या १.२ एकक मागे राहतो, १२० वर ०.६, आणि ३० वर तब्बल २.४. म्हणजे बहिणीच्या फोनवर पोरगा पडद्याच्या उजव्या कडेकडे सरकलेला असायचा आणि पुढची गच्ची तिला माझ्यापेक्षा उशिरा दिसायची. उडी बुटकी आणि वर विचार करायला वेळही कमी.

यावर पहिला उपाय सगळे जण हा करतात:

कॅमेरा = कॅमेरा + (लक्ष्य − कॅमेरा) × ६ × डीटी

डीटी म्हणजे मागच्या फ्रेमला लागलेले सेकंद. हे आधीपेक्षा खूपच बरं आहे. ९० टक्क्यांचा वेळ ३० फ्रेमवर ०.३४ आणि १२० वर ०.३७ सेकंद येतो, फरक जाणवणारही नाही. पण हा उपाय अर्धाच आहे. ६ च्या जागी २५ घाला, म्हणजे चपळ कॅमेरा, आणि मध्येच जाहिरात लोड होताना एक फ्रेम १०० मिलिसेकंदांची झाली असं धरा. २५ गुणिले ०.१ म्हणजे २.५. कॅमेरा लक्ष्यापाशी थांबायच्या ऐवजी होतं त्याच्या दीडपट अंतर पलीकडे फेकला जातो. इंजिनचं तयार लर्प (दोन आकड्यांमधली जागा काढणारं फंक्शन) वापरलं आणि ते हा गुणक १ वर रोखत असेल तर फेकला जात नाही, पण टुणकन लक्ष्यावर जाऊन आदळतो. दोन्ही वाईटच.

खरा उपाय बँकेच्या चक्रवाढ व्याजासारखा आहे. दर वर्षाचं व्याज माहीत असेल तर सहा महिन्यांचं काढताना आपण नुसतं निम्मं करत नाही, घातांक बदलतो. इथेही तेच:

उरलेला भाग = २ चा घात (−डीटी ÷ अर्धकाळ)
कॅमेरा = लक्ष्य + (कॅमेरा − लक्ष्य) × उरलेला भाग

अर्धकाळ म्हणजे अंतर निम्मं व्हायला लागणारे सेकंद. ६० फ्रेमवरच्या ०.१ शी जुळणारा अर्धकाळ ०.११ सेकंद येतो. डीटी कितीही मोठा झाला तरी उरलेला भाग शून्याखाली जात नाही, त्यामुळे कॅमेरा लक्ष्यापलीकडे जाऊच शकत नाही. काही जण हेच उलट बाजूने, कापलेला भाग = १ − एक्स्प(−के × डीटी) असं लिहितात; एक्स्प म्हणजे e चा घात आणि के म्हणजे कॅमेऱ्याची चपळाई. गणित तेच. मला अर्धकाळ आवडतो, कारण आमच्या चित्रकाराला "के ६.३ आहे" सांगून काही कळत नाही, पण "एका सेकंदाच्या नवव्या भागात निम्मं अंतर कापतो" हे लगेच कळतं, आणि मग आकडा तोच बसवतो.

एक बारकावा. लक्ष्य स्थिर असेल तर हे सूत्र प्रत्येक फोनवर तंतोतंत सारखं चालतं. लक्ष्य धावत असेल तर थोडा फरक उरतो: तेच ८ एककांचं धावणं धरलं तर कॅमेरा ३० फ्रेमवर १.१४, ६० वर १.२० आणि १२० वर १.२३ एकक मागे राहतो. २.४ आणि ०.६ च्या तुलनेत हे काहीच नाही, मी सोडून देतो.

उडी

बहिणीच्या पडण्याचं कारण इथे होतं. आमचा कोड साधाच:

वेग = वेग − गुरुत्व × डीटी
उंची = उंची + वेग × डीटी

इथे डीटी आहे, मग चूक कुठे, असं मलाही वाटलं होतं. आकडे घालून बघू. उडी ३ एकक उंच हवी आणि टोकाला पोचायला ०.४ सेकंद लागावेत. शाळेतल्या सूत्रांवरून गुरुत्व = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग, म्हणजे ३७.५, आणि सुरुवातीचा वेग = २ × उंची ÷ वेळ, म्हणजे १५. (उडीचे आकडे नेहमी असेच काढा. उंची आणि वेळ ठरवायचा, गुरुत्व आपोआप निघतं. गुरुत्व आणि वेग हाताने चाचपडत बसवण्यात मी पूर्वी अख्खी दुपार घालवायचो.)

आता वरच्या दोन ओळी चालवल्या तर ३० फ्रेमवर उडीचं टोक २.७५ येतं, ६० वर २.८७५, १२० वर २.९३७५. ३ कुठेच नाही. प्रत्येक फ्रेममध्ये वेग आधी घटवला आणि मग त्या घटलेल्या वेगाने पूर्ण फ्रेमभर वर सरकलो, म्हणून दर फ्रेमला थोडं थोडं कमी पडत गेलं. एकूण तूट बरोबर सुरुवातीचा वेग × डीटी ÷ २ इतकी. ओळींचा क्रम उलटा केला तर तेवढंच जास्त पडतं. आणि तिसऱ्या गच्चीचा कठडा मी २.८ वर ठेवला होता. माझ्या फोनवर पोरगा केसभर अंतराने पार व्हायचा, तिच्या फोनवर कधीच होणार नव्हता.

उपाय एका पदाचा आहे:

उंची = उंची + वेग × डीटी − ०.५ × गुरुत्व × डीटी × डीटी
वेग = वेग − गुरुत्व × डीटी

त्वरण स्थिर असताना हे सूत्र अचूक आहे, नववी-दहावीतलं गतीचं दुसरं समीकरणच ते. फ्रेम कितीही असोत, पोरगा त्याच अन्वस्तावरून जातो. मी कठड्याची उंचीही २.६ वर आणली. गणित नीट झालं तरी खेळाडूला दोन बोटं सूट असावीच.

जमिनीवर घसरताना वेग = वेग × ०.९ असं लिहिलं असेल तर तोही कॅमेऱ्याचाच रोग आहे, आणि औषधही तेच: ०.९ चा घात (डीटी × ६०).

स्प्रिंग: पतंग पडद्याबाहेर का उडाला

खेळाडू बोट फिरवतो आणि पतंग त्यामागे येतो. नुसतं घातांकी सरकणं इथे मेलेलं वाटतं. पतंगाने किंचित पुढे जाऊन परत यायला हवं. त्यासाठी स्प्रिंग:

त्वरण = ओमेगा² × (बोट − जागा) − २ × झीटा × ओमेगा × वेग
वेग = वेग + त्वरण × डीटी
जागा = जागा + वेग × डीटी

ओमेगा म्हणजे २ × पाय × वारंवारता, स्प्रिंग किती ताठ ते. झीटा म्हणजे डॅम्पिंगचं, म्हणजे डोलणं शमवण्याचं, प्रमाण. झीटा १ असेल तर पतंग जराही पुढे न जाता लवकरात लवकर बोटापाशी येऊन थांबतो. ०.७ ला अंतराच्या ५ टक्क्यांच्या आसपास पुढे जाऊन परत येतो, ०.५ ला १६ टक्के, ०.४ ला २५. हे आकडे वहीत लिहून ठेवा, फार कामाला येतात. बटणं आणि मेनूसाठी मी ०.७ च्या खाली जात नाही. पुन्हा पुन्हा दाबायची गोष्ट डोलायला लागली की दहाव्या वेळी जीव विटतो. पतंगाला मात्र ०.५ शोभतो. वाऱ्यावरची वस्तू आहे ती, तिने थोडं हट्टाने वागावं.

झालं असं की २ हर्ट्झची स्प्रिंग बोटामागे फार रेंगाळत होती, म्हणून मी ती वाढवत ६ हर्ट्झवर नेली आणि थरथर कमी व्हावी म्हणून झीटा ०.७ केला. माझ्या फोनवर सुरेख. ३० फ्रेमवर पतंग दोनदा डावी-उजवीकडे झोके खाऊन पडद्याबाहेर गेला तो परत आलाच नाही. ही पद्धत एका मर्यादेपर्यंतच टिकते: ओमेगा × डीटी हा गुणाकार २ × (√(झीटा² + १) − झीटा) यापेक्षा मोठा झाला की प्रत्येक फ्रेमला चूक घटायच्या ऐवजी वाढत जाते. झीटा ०.७ ला ही मर्यादा १.०४ आहे. ६ हर्ट्झ म्हणजे ओमेगा ३७.७. ६० फ्रेमवर गुणाकार ०.६३, ठीक. ३० वर १.२६, संपलं. आणि यातला अनपेक्षित भाग असा की डॅम्पिंग वाढवलं की मर्यादा आणखी खाली येते, झीटा १ ला ०.८३. त्यामुळे "फारच हलतंय, डॅम्पिंग वाढवून बघू" हा सहज सुचणारा उपाय इथे आगीत तेल ओततो.

मी डीटीचे समान तुकडे करतो. डीटी × १२० ला वरच्या पूर्णांकाला नेलं की तुकड्यांची संख्या मिळते, आणि वरच्या तीन ओळी तितक्या वेळा चालवायच्या. स्प्रिंगचा हिशेब इतका स्वस्त आहे की चार तुकड्यांनी कुठल्याच फोनला फरक पडत नाही. शिवाय फोनवर कॉल येऊन गेला की डीटी अवाढव्य येऊ शकतो, म्हणून तो आधी ०.१ सेकंदावर रोखा.

फिजिक्सची टिक

हा भाग छोटा आहे. युनिटीचं फिजिक्स मुळात ०.०२ सेकंदांच्या टिकवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतं. पडदा ६० वेळा ताजा होतो. साहजिकच सेकंदाला १० फ्रेम अशा येतात की ज्यात पोरगा जागचा हललेलाच नसतो. सगळे आकडे बरोबर, तरी धावताना बारीक थरथर, ती हीच. वस्तूवरचं इंटरपोलेशन (दोन टिकांमधली जागा भरून काढणं) चालू करा, आणि कॅमेरा बाकी सगळं हलून झाल्यावर, लेट अपडेटमध्ये हलवा. टिक ६० करून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण ९० हर्ट्झचा फोन हातात आला की परत तेच.

साइनचे दोन झटके

मोकळा पतंग हवेत डुलतो तो कोन = १५ × साइन(वेळ × वारंवारता) असा. वारा वाढला की वारंवारता वाढवायची, हे ओघानेच आलं. आणि वारा बदलला की पतंगाला आचके बसतात. कारण: गेम सुरू होऊन १०० सेकंद झालेत आणि वारंवारता सेकंदाला ३.० रेडियनवरून ३.१ झाली, तर साइनच्या आतला आकडा ३०० वरून एका फ्रेममध्ये ३१० होतो. म्हणजे पतंगाने दीडपेक्षा जास्त आवर्तनं एका क्षणात उडी मारून गाठली. गेम जितका लांबतो तितके झटके मोठे होतात, म्हणूनच पहिल्या अर्ध्या मिनिटात तपासणाऱ्याला ही चूक सापडत नाही. वेळेला गुणू नका, फेज, म्हणजे साइनच्या आतला आकडा, साठवत जा:

फेज = फेज + वारंवारता × डीटी
कोन = १५ × साइन(फेज)

फेज २ × पायच्या पुढे गेली की तेवढे वजा करा. आता वारा कसाही बदला, पतंग जिथे आहे तिथूनच वेग पकडतो.

दुसरा झटका मला सगळ्यात जास्त दमवून गेला. गच्च्यांवर दोरीवर वाळत घातलेल्या साड्या आहेत, शेडरमध्ये (ग्राफिक्स चिपवर, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) साइनने फडफडणाऱ्या. संगणकावर तासभर चालवलं तरी झकास. फोनवर पहिलं मिनिट झकास, मग हळूहळू जड, आणि दोन मिनिटांनंतर साड्या जुन्या चित्रपटाची रीळ अडकल्यासारख्या ठकठक हलायच्या. फ्रेम मात्र पूर्ण ६०.

शेडरमध्ये वेळ मीडियमपी, म्हणजे मध्यम अचूकतेत ठेवली होती. बऱ्याच मोबाइल जीपीयूंवर ती १६ बिटांची असते, आणि त्यातले अपूर्णांकासाठीचे बिट फक्त १०. आकडा मोठा होत जातो तशी दोन शेजारच्या आकड्यांमधली फट रुंदावते. ३२ ते ६४ सेकंदांच्या दरम्यान ती ०.०३ सेकंद असते, ६४ नंतर ०.०६, आणि १२८ सेकंदांनंतर ०.१२५. म्हणजे शेडरच्या लेखी एका सेकंदात फक्त आठच क्षण उरतात. संगणकावरची कार्डं मीडियमपीलाही सहसा ३२ बिटच देतात, म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही.

वेळ हायपी, म्हणजे जास्त अचूकतेची, करून भागतं, पण मी तीसुद्धा शेडरला देत नाही. वर सांगितलेली फेज मुख्य कोडमध्ये साठवतो, २ × पायमध्ये गुंडाळतो आणि फक्त ती पाठवतो. आकडा कधी ६.२८ च्या पुढे जात नाही, त्यामुळे अचूकता पहिल्या मिनिटाला असते तितकीच तिसऱ्या तासाला राहते. एकाच शेडरमध्ये वेगवेगळ्या गतीच्या दोन लाटा मिसळल्या असतील तर प्रत्येक लाटेची फेज वेगळी पाठवा. एकच फेज १.७ ने गुणून दुसरी लाट काढाल तर फेज शून्यावर येते तेव्हा साडीला दर फेरीला एक हिसका बसेल. गुणक पूर्णांक असेल, २ किंवा ३, तर हिसका बसत नाही.

हे सगळं बदलल्यावर मी पुन्हा ३०, ६० आणि १२० चालवून पाहिलं. उडीचा मार्ग तिन्हीकडे एकावर एक बसला. ३ चं टोक दोन फ्रेमच्या मध्ये आलं तर लॉगमध्ये शेंडा केसभर कमी दिसतो, ते चालतं, मार्ग तोच असतो. बहिणीकडे नवी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते मुद्दाम सांगितलं नाही. रात्री तिने सातव्या गच्चीवरचा स्क्रीनशॉट पाठवला, पोराच्या हातात पतंग होता.